ओट्याखाली डिशवॉशर : लहान स्वयंपाकघरासाठी यंत्राची पारख

भांडी धुण्याचे विजेचे यंत्र एका घरात दहा वर्षे विनातक्रार चालते आणि त्याच कंपनीचे, त्याच नमुन्याचे यंत्र दुसऱ्या इमारतीत वर्षा-दीड वर्षात कुरकुरू लागते, तेव्हा दोष बहुधा कंपनीच्या माथी मारला जातो. परंतु दुरुस्तीला आलेला तंत्रज्ञ दोन्ही घरांतले पाणी, विजेची जोडणी, सांडपाण्याची नळी आणि यंत्रात रचलेली भांडी पाहतो, तेव्हा त्याला कारण बहुतेक वेळा यंत्राबाहेर सापडते. डिशवॉशरची विश्वासार्हता यंत्र आणि घर यांच्या जुळणीत असते, आणि जिथे दोन बोटांची जागाही मोजून वापरावी लागते अशा मुंबई-पुण्याच्या लहान स्वयंपाकघरात ही जुळणी चुकण्याच्या शक्यता अधिक असतात. तरीही खरेदीच्या वेळी चर्चा होते ती किंमत, रंग, कार्यक्रमांची संख्या आणि मोबाइलवरून यंत्र चालते की नाही यांची, म्हणजे ज्यांचा टिकाऊपणाशी फारसा संबंध नाही अशाच गोष्टींची.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गाने या यंत्राकडे गांभीर्याने पाहिले ते २०२० च्या टाळेबंदीत. गृहनिर्माण संस्थांनी घरकामाला येणाऱ्या बायकांना फाटकाबाहेर थांबवले, घरातली सगळी माणसे तिन्ही त्रिकाळ घरीच जेवू लागली आणि तोवर परदेशातल्या नातेवाइकांकडे पाहिलेली, चैनीत जमा असलेली वस्तू एकदम गरजेची वाटू लागली. त्या घाईत घेतलेली अनेक यंत्रे आज सुखाने चालत आहेत आणि काहींचा उपयोग ताटे ठेवायच्या कपाटासारखा होतो आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशरवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे दुकानात चौकशी करणाऱ्यांची संख्या वाढणे स्वाभाविक आहे. मात्र कर कमी झाला म्हणून घरातले पाणी मऊ होत नाही.

यंत्र चांगले असले तरी घर तयार नसले की काय होते, याचे उदाहरण या यंत्राच्या इतिहासाच्या आरंभीच मिळते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल या गावच्या जोसेफीन कॉक्रन यांना २८ डिसेंबर १८८६ रोजी आपल्या यंत्राचे एकस्व मिळाले. त्यांच्या आधीच्या काही यंत्रांत भांडी घासण्यावर भर होता; कॉक्रन यांनी तारेच्या कप्प्यांत भांडी घट्ट बसवून त्यांच्यावर गरम साबणपाण्याचा जोरदार मारा करण्याची रीत अवलंबिली, आणि आजचे प्रत्येक यंत्र त्याच तत्त्वावर चालते. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रे गाजली, हॉटेलांनी ती विकत घेतली, पण घरांनी घेतली नाहीत, कारण त्या काळच्या सामान्य घरात यंत्राला पुरेल इतके गरम पाणी तापत नव्हते आणि कठीण पाण्यात साबण नीट काम करत नव्हता. कॉक्रन १९१३ साली वारल्या. त्यांची कंपनी १९२६ मध्ये होबार्ट कंपनीकडे गेली आणि किचनएड या नावाने घरगुती यंत्र बाजारात आले ते १९४९ साली. घरांना यंत्रासाठी तयार व्हायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला असा याचा अर्थ होतो.

यंत्राच्या पोटात काय घडते हे समजले की निवडीचे निकष आपोआप सुचू लागतात. नळाचे पाणी विजेवर उघडझाप होणाऱ्या झडपेतून आत येते, पाणी मऊ करणाऱ्या भागातून जाते आणि तळाच्या खोलगट टाकीत, म्हणजे संपमध्ये, साठते. तेथून फिरता पंप ते उचलतो, हीटर ते तापवतो आणि भोके असलेल्या फिरत्या भुजांतून ते भांड्यांवर उडते. भांड्यांवरून निथळलेले पाणी गाळणीतून पुन्हा संपमध्ये येते आणि पुन्हा वर जाते. एका फेरीत मोठे यंत्र सुमारे ९ ते १२ लिटरच पाणी वापरते ते यामुळेच, कारण तेच पाणी शेकडो वेळा फिरवले जाते. टप्पा संपला की दुसरा, निचऱ्याचा पंप मळके पाणी बाहेर टाकतो. शेवटच्या खळबळण्यात पाणी अधिक तापवतात आणि त्यात रिन्स एड नावाचे द्रव्य मिसळतात. या द्रव्यामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, भांड्यावर थेंब न राहता पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो ओघळून जातो. उरलेली ओल भांड्यांच्या स्वतःच्या उष्णतेने वाफ होऊन उडते आणि यंत्राच्या थंड पोलादी भिंतीवर जमून खाली येते. स्टीलचे ताट, काचेचा पेला कोरडे निघतात आणि प्लास्टिकचा डबा ओलाच राहतो, त्याचे कारण एवढेच की प्लास्टिक पुरेशी उष्णता धरून ठेवत नाही. अनेक ग्राहक हा बिघाड समजून तक्रार नोंदवतात.

इको कार्यक्रमाला तीन-साडेतीन तास लागतात याचा नव्या ग्राहकाला हमखास त्रास होतो. जर्मनीतील हेंकेल कंपनीचे रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये स्वच्छतेचे जे तत्त्व मांडले ते येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते कोणतीही धुलाई वेळ, तापमान, रसायन आणि यांत्रिक जोर या चार घटकांवर चालते आणि त्यांपैकी एक कमी केला तर दुसरा वाढवावा लागतो. हाताने घासताना जोर फार असतो, म्हणून वेळ थोडा पुरतो. यंत्रात काथ्या नाही, घासणी नाही, म्हणून वेळ, उष्णता आणि रसायन वाढवावे लागते. इको कार्यक्रम पाणी सुमारे ५० अंश सेल्सियसपर्यंतच तापवतो आणि उरलेली भरपाई वेळेने करतो, तर तेलकट कढयांसाठीचा तीव्र कार्यक्रम ६५ ते ७० अंशांपर्यंत जाऊन वीज अधिक खातो. भारतात बॉशने अशा कार्यक्रमाला कढईचेच नाव दिले आहे. नाव चपखल असले तरी करपलेल्या कढईबाबत अपेक्षा बेताचीच ठेवावी, कारण फोडणीच्या तेलाचा जो तपकिरी, चिकट थर पुनःपुन्हा तापून कढईच्या काठाला धरतो तो जवळजवळ रोगणासारखा घट्ट झालेला असतो आणि त्याला खरवडण्यावाचून इलाज नसतो.

आकाराची निवड प्लेस सेटिंग या मापावर होते आणि येथेच मराठी घराची पहिली फसगत होते. एक प्लेस सेटिंग म्हणजे एका युरोपीय माणसाच्या जेवणाचा संच: एक मोठी उथळ बशी, एक सूपची खोल बशी, एक छोटी बशी, कपबशी, पेला आणि काटे-चमचे. त्यात पातेले नाही, कुकर नाही, परात तर नाहीच. बाजारातील प्रचलित यंत्रांपैकी ६० सेंटिमीटर रुंदीचे यंत्र १२ ते १६, ४५ सेंटिमीटरचे ९ ते १० आणि ओट्यावर ठेवायचे साधारण ५५ सेंटिमीटर रुंद व ४५ सेंटिमीटरच्या आत उंच असलेले छोटे यंत्र ६ ते ८ प्लेस सेटिंगचे असते. आठ म्हणजे आठ माणसांचे जेवण असे समजून चौघांच्या घराने ओट्यावरचे यंत्र आणले, तर रात्रीची ताटे, वाट्या आणि फुलपात्रे मावतात आणि आमटीचे पातेले, भाताचा कुकर, दुधाचे भांडे हा खरा कष्टाचा भाग मोरीतच राहतो. ओट्यावरच्या यंत्रात बहुधा एकच कप्पा असतो, तेव्हा कुकर ठेवला की ताटे गेली आणि ताटे ठेवली की कुकर गेला, असा प्रकार होतो.

कप्प्यातल्या उभ्या दांड्यांचे अंतरही उथळ बशीच्या हिशेबाने ठेवलेले असते. आपल्या ताटाला उभा काठ असतो, त्यामुळे एकाआड एक दांडी सोडून ताटे लावावी लागतात आणि चौदाऐवजी सात मावतात. वाटी सपाट पालथी ठेवली तर तिच्या बुडाच्या खोबणीत पाणी साचते. ती तिरकी टेकवता यावी अशी रचना वरच्या कप्प्यात आहे का, खालच्या कप्प्यातले दांडे आडवे पाडता येतात का, आणि वरचा कप्पा भरलेला असतानाही वर-खाली सरकवता येतो का, हे तीन प्रश्न वीस कार्यक्रमांच्या यादीपेक्षा महत्त्वाचे आहेत. त्यांचे उत्तर माहितीपत्रकात मिळत नाही. घरातले सर्वांत मोठे ताट, रोजचा कुकर आणि दोन वाट्या पिशवीत घालून दुकानात न्याव्यात आणि विक्रेत्यासमोर यंत्रात ठेवून पाहाव्यात. यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. ताट ठेवल्यावर वरची भुजा हाताने फिरवून पाहावी. ती काठाला अडली तर त्या यंत्रात ते ताट कधीच स्वच्छ निघणार नाही.

जागेचे गणित यंत्राच्या रुंदीपाशी संपत नाही. स्वतंत्र उभे राहणारे यंत्र साधारण ८५ सेंटिमीटर उंच असते आणि वरचे झाकण काढल्यास ते ८२ च्या आसपास येते. आपल्याकडील जुने कडाप्प्याचे ओटे पुष्कळदा ८० ते ८५ सेंटिमीटर उंचीचे असतात आणि त्यातून दगडाची जाडी वजा केली की यंत्र खाली सरकत नाही. ओट्याची खोली ६० सेंटिमीटर असली तरी यंत्रामागे नळ्यांसाठी काही सेंटिमीटर लागतात, म्हणून ते पुढे येते, आणि दार खाली उघडल्यावर समोर आणखी सुमारे ६० सेंटिमीटर अडतात. ज्या स्वयंपाकघरात दोन ओट्यांमध्ये एकच माणूस उभा राहू शकतो तेथे यंत्र भरणे आणि पोळ्या करणे ही कामे एका वेळी होत नाहीत. पुण्याच्या अनेक सदनिकांत यावर ड्राय बाल्कनीचा उपाय केला जातो. तेथे नळ असतो, निचरा असतो, पण पावसाची झड आणि दुपारचे ऊनही असते, आणि नळीचे टोक थेट फरशीतल्या जाळीत सोडण्याची सवयही असते. निचऱ्याची नळी यंत्राच्या तळापेक्षा वर उचलून मग खाली आणावी लागते. तसे न केल्यास चालू फेरीतच पाणी आपोआप ओढले जाऊन वाहून जाते आणि यंत्र पुनःपुन्हा पाणी भरत राहते. तंत्रज्ञांच्या भाषेत याला सायफन होणे म्हणतात आणि यंत्र पाणी फार खाते अशी तक्रार आली की ही गोष्ट आधी तपासण्यासारखी असते.

पाण्याचा दाब ही वरच्या मजल्यावरील घरांची खास अडचण आहे. बहुतेक यंत्रांना किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो. पाण्याच्या दहा मीटर उंचीमुळे साधारण एक बार दाब निर्माण होतो, तेव्हा अर्ध्या बारसाठी टाकीतील पाण्याची पातळी नळाच्या सुमारे पाच मीटर वर हवी. चार मजली इमारतीच्या गच्चीवरील टाकी छोट्या चौथऱ्यावर असेल, तर सर्वांत वरच्या मजल्यावरील मोरीच्या नळाला जेमतेम चार मीटरचा दाब मिळतो आणि टाकी अर्धी झाली की तोही घटतो. एक मजला खाली उतरताच तीन मीटर वाढतात आणि प्रश्न सुटतो. वरच्या मजल्यावर छोटा दाबवर्धक पंप बसवावा लागतो आणि त्याचा खर्च खरेदीतच धरावा. ज्या गावांत नळाला दिवसातून तासभरच पाणी येते तेथे थेट नळाला जोडलेले यंत्र अर्ध्यावर थांबते, म्हणून घरची टाकी असणे ही पूर्वअट आहे. भाड्याच्या घरात किंवा वसतिगृहासारख्या खोलीत, पाच-सहा लिटरची टाकी अंगातच असलेली आणि तांब्याने पाणी ओतून भरता येणारी छोटी यंत्रे उपयोगी पडतात. एकट्या-दुकट्या माणसाला ती पुरतात.

परंतु यंत्राचे आयुष्य ज्या एका गोष्टीवर सर्वांत जास्त अवलंबून असते ती म्हणजे पाण्याची कठीणता, म्हणजेच त्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण. ती लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने मोजतात. यंत्रांच्या पुस्तिकांत जर्मन अंश दिलेले असतात आणि एक जर्मन अंश म्हणजे सुमारे १७.८ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार २०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतले जाते. तानसा, वैतरणा, भातसा येथून येणारे मुंबई महापालिकेचे किंवा खडकवासल्याहून येणारे पुण्याचे पाणी पावसाचे, धरणात साठलेले आणि म्हणून मऊ असते. पण त्याच शहरांच्या कडेला वाढलेल्या वसाहती टँकरवर आणि कूपनलिकेवर जगतात, आणि दख्खनच्या काळ्या दगडातून मुरून आलेले कूपनलिकेचे पाणी बहुधा कठीण असते. समजा ते ३६० मिलिग्रॅमचे आहे आणि एका फेरीला दहा लिटर लागतात, तर प्रत्येक फेरीत साडेतीन ग्रॅमहून अधिक क्षार यंत्रात शिरतो, आणि वर्षाला तीनशे फेऱ्या धरल्या तर तो एक किलोच्या वर जातो. तो सगळाच आत साचत नाही हे खरे, पण जो साचतो तो हीटरवर, भुजांच्या भोकांत आणि झडपेच्या तोंडाशी.

यावर उपाय म्हणून चांगल्या यंत्रात पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसवलेला असतो. त्यात रेझिनचे बारीक मणी असतात. पाणी त्यांच्यातून जाताना मणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्या बदल्यात सोडियम सोडतात. काही फेऱ्यांनंतर मणी भरून जातात, तेव्हा यंत्र स्वतःच मिठाच्या तीव्र द्रावणाने त्यांना धुते आणि पुन्हा कामाला लावते. यासाठी जे मीठ घालायचे ते शुद्ध, जाड दाण्याचे आणि याच कामासाठी विकले जाणारे असावे लागते. स्वयंपाकातले आयोडिनयुक्त बारीक मीठ घातले तर ते घट्ट बसते आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात मिसळलेली द्रव्ये मण्यांना बाधतात. मीठ नेहमी फेरी सुरू करण्याच्या अगदी आधी भरावे, म्हणजे सांडलेले खारे पाणी लगेच धुतले जाते. रात्रभर ते तसेच राहिले तर स्टीललाही डाग पडतात. बसवताना पाण्याची कठीणता तपासून यंत्रात तो आकडा भरणे हे तंत्रज्ञाचे काम आहे, आणि घाईत हेच काम राहून जाते. सर्व काही एकाच गोळीत असल्याचा दावा करणाऱ्या गोळ्या सुमारे २१ जर्मन अंशांपर्यंतच पुरतात. त्यापलीकडे मिठाला पर्याय नाही. ओट्यावरच्या काही स्वस्त यंत्रांत सॉफ्टनरच नसतो. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या घराने असे यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये.

सगळी भांडी यंत्राची नसतात, हेही मान्य करावे लागते. डिशवॉशरची पावडर तीव्र अल्कधर्मी असते. सोडा, डाग फिका करणारे ऑक्सिजनयुक्त द्रव्य, आणि प्रथिने व पिष्ट तोडणारी एन्झाइमे हे तिचे मुख्य घटक आहेत. या पाण्यात ॲल्युमिनियमचा कुकर आणि डबे काळपट पडतात, बिडाच्या तव्याचा तेलाने मुरलेला थर निघून जातो आणि लोखंडी कढई तासाभरात गंजते, पितळ्याची चमक जाते, कल्हईची पातेली खराब होतात, पोळपाट-लाटणे, रवी आणि लाकडी डाव फुगून तडकतात. स्टील, काच आणि चिनी माती ही यंत्राची भांडी होत. भाताची शिते सुकून चिकटली तरी पिष्ट तोडणारे एन्झाइम त्यांचा फडशा पाडते. परातीला लागलेली कणीक मात्र गरम पाण्याने उलट घट्ट होते, म्हणून ती आधी गार पाण्याने काढावी. हळदीचा पिवळेपणा स्टीलवरून सहज जातो, प्लास्टिकच्या डब्यात मुरला की जात नाही. साध्या भांडी घासण्याच्या द्रवाचे चार थेंबही यंत्रात घालू नयेत, कारण त्याचा फेस पंपात हवा भरतो आणि दाराच्या फटीतून बाहेर येतो.

विजेच्या बाबतीत गणित सोपे आहे. सुमारे २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपिअर खेचतो, तेव्हा मिक्सरसाठी काढलेला ६ अँपिअरचा पॉइंट त्याला चालत नाही; १६ अँपिअरचा, स्वतंत्र तारेचा, नीट अर्थिंग केलेला पॉइंट लागतो आणि एक्स्टेंशन बोर्ड वर्ज्य आहे. जेथे विजेचा दाब रोज खालीवर होतो तेथे यंत्राचे नियंत्रण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्टीचे संरक्षण करणारे साधन बसवणे हे चार हजारांच्या दुरुस्तीपेक्षा केव्हाही परवडते.

आता खऱ्या अर्थाने विश्वासार्हतेकडे. बिघाडांचा क्रम पाहिला तर सर्वांत साधा आणि नित्याचा बिघाड निचऱ्याचा असतो: लिंबाची बी, दातकोरणी, फुटक्या पेल्याची कपची किंवा माशाचा काटा गाळणीतून निसटून पंपाच्या पात्यात अडकतो. बॉशच्या यंत्रांवर अशा वेळी ई २४ किंवा ई २५ हा संकेत दिसतो, आणि पुस्तिका वाचलेला माणूस पंपावरचे झाकण काढून दहा मिनिटांत तो स्वतः दूर करू शकतो. ताटातले खरकटे चमच्याने काढून टाकावे, पण ताट आधी धुऊन घेऊ नये. चहाचा चोथा, मोहरी आणि कढीपत्ता गाळणीत जमतो, म्हणून गाळणी आठवड्याला काढून नळाखाली धुवावी. त्यानंतर क्रम लागतो तो पाणी आत घेणारी झडप, हीटर, दाराच्या दोऱ्या व स्प्रिंगा आणि नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक पट्टी यांचा. परदेशी परीक्षणांत न येणारे दोन शत्रू आपल्याकडे आहेत: नळी कुरतडणारे उंदीर आणि तळाच्या उबदार, ओलसर जागेत घर करून इलेक्ट्रॉनिक पट्टी नासवणारी झुरळे. यंत्राच्या तळाला बारीक जाळी लावून घेणे हा फुटकळ दिसणारा, पण शहाणपणाचा खर्च आहे. गळतीपासून संरक्षण हेही सदनिकेत राहणाऱ्यांनी आग्रहाने मागावे. तळाच्या परातीत पाणी जमताच तरंगता स्विच यंत्र थांबवतो, आणि अधिक चांगल्या व्यवस्थेत दुहेरी नळी व नळाशीच असलेली झडप पाणी मुळातच तोडते. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छतावर ओल उतरली की यंत्राच्या किमतीचा हिशेब कोणी विचारात घेत नाही.

बिघाड होणारच हे गृहीत धरले, तर सुटे भाग किती वर्षे मिळतील हा प्रश्न हमीच्या दोन वर्षांपेक्षा मोठा ठरतो. युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून लागू केलेल्या नियमांनुसार उत्पादकांना डिशवॉशरचे पंप, मोटर, हीटर, इलेक्ट्रॉनिक पट्ट्या यांसारखे भाग किमान ७ वर्षे आणि दाराच्या बिजागऱ्या, रबरी पट्ट्या, भुजा, गाळण्या, कप्पे यांसारखे भाग किमान १० वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात, तेही मागणीनंतर पंधरा कामाच्या दिवसांत. भारतात केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयीचे संकेतस्थळ सुरू केले, परंतु युरोपसारखे वर्षांचे बंधन ग्राहकाच्या हातात नाही. म्हणून ते खरेदीपूर्वी स्वतःच विचारून लेखी घ्यावे लागते. आपल्या पिनकोडवर कंपनीचा स्वतःचा तंत्रज्ञ येतो की कंत्राटदाराचा, निचऱ्याचा पंप आणि इलेक्ट्रॉनिक पट्टी यांची आजची किंमत काय, वाढीव हमीत या दोन्हींचा समावेश आहे का, आणि शेजारच्या इमारतीत हेच यंत्र कोणाकडे आहे का, ही चौकशी जाहिरातीतल्या ताऱ्यांपेक्षा खरी माहिती देते. मुंबई-पुण्यात उत्तम सेवा देणारी कंपनी लातूर किंवा सावंतवाडीला तशीच असेल असे धरून चालू नये. जिल्ह्याच्या ठिकाणी तंत्रज्ञ नसेल तर नावाजलेले यंत्रही अविश्वसनीयच होय.

पाण्याच्या बचतीचे दावे मात्र थोडे हातचे राखून ऐकावेत. बॉन विद्यापीठात राइनर स्टामिंगर यांच्या गटाने केलेल्या पाहणीत युरोपातल्या लोकांनी बारा प्लेस सेटिंग हाताने धुण्यासाठी सरासरी १०३ लिटर पाणी वापरल्याचे दिसले, आणि जाहिरातींतले बचतीचे आकडे अशाच तुलनांच्या आधारे मांडले जातात. वाहत्या गरम नळाखाली बशा धुणारा युरोपीय माणूस आणि घमेल्यात भांडी घासून दोन बादल्यांत खळबळणारी आपल्याकडची बाई यांची तुलना होत नाही. आपल्याकडे यंत्राचा खरा लाभ वेळेचा, पाठीचा आणि हाताच्या कातडीचा आहे, आणि तो पुरेसा आहे. त्याला पाण्याच्या पुण्याची जोड देण्याची आवश्यकता नाही. शिवाय खर्चाच्या बाजूला वीज, मीठ, रिन्स एड आणि वर्षाच्या तीनशेच्या वर गोळ्या मांडाव्या लागतात. गोळीऐवजी पावडर घेतली तर भांड्यांच्या मानाने माप कमी-जास्त करता येते आणि खर्चही आटोक्यात राहतो.

एवढा विचार करूनही निर्णय द्यायचा झाला, तर तो असा देता येईल. चार माणसांच्या घरात ६० सेंटिमीटरची जागा निघत असेल तर ४५ चे यंत्र घेऊ नये, कारण किमतीतला फरक मावणाऱ्या भांड्यांच्या फरकाइतका नसतो आणि भारतीय बाजारात ४५ चे नमुनेही मोजकेच आहेत. जागा खरोखरच नसेल तर ४५ चे उभे यंत्र ओट्यावरच्या यंत्रापेक्षा श्रेयस्कर, आणि ओट्यावरचे यंत्र एक-दोन माणसांसाठी किंवा भाड्याच्या घरासाठी राखून ठेवावे. कार्यक्रम तीन असले तरी चालतील: इको, तीव्र आणि तासाभराचा. सॉफ्टनर, गळतीचे संरक्षण, पाडता येणारे दांडे आणि जवळचा तंत्रज्ञ यांत तडजोड करू नये.

ज्यांचे स्वयंपाकघर अजून बांधायचे किंवा नव्याने करायचे आहे त्यांनी, यंत्र आज घ्यायचे नसले तरी, ओट्याचा दगड बसण्यापूर्वी कारागिराकडून मोरीशेजारी ६० सेंटिमीटर रुंद आणि दगडाखाली पुरती ८२ सेंटिमीटर उंच अशी मोकळी जागा ठेवून घ्यावी, तेथे पाऊण इंची आट्याचा एक जादा नळ, निचऱ्याला एक जोड आणि १६ अँपिअरचा एक पॉइंट काढून घ्यावा. हे सर्व बांधकामात किरकोळ खर्चात होते, आणि नंतर करायचे म्हटले की कडाप्पा फोडावा लागतो.